वीस जणांचं इंजिन

वाटेत पुठ्ठ्याचं एक भलंमोठं खोकं आडवं पडलेलं असतं. ते ढकलून पलीकडे गेलं, की इंजिन दिसतं. शोधण्यात कर्तबगारी अशी काही नाहीच. 'पिकमिन' या व्हिडिओ गेममधल्या पहिल्याच दिवशी, जवळजवळ पायात यावं अशा बेतानं ते ठेवलेलं आहे. मी धावत गेले आणि त्याला जाऊन भिडले. काही झालं नाही. पडद्यावरचा माझा गडी, कॅप्टन ऑलिमार, त्याच्याभोवती नुसता घुटमळत राहिला. सवयीनं सगळी बटणं दाबून पाहिली. इतक्या वर्षांच्या खेळण्यातून बोटांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: वस्तू सापडली, तिला हात लावला, 'टिंग' असा आवाज आला, की ती आपली. इथे टिंग नव्हतं.

मग सोबतचे लाल पिकमिन, म्हणजे रोपांसारखे दिसणारे छोटे जीव, एकेक करून इंजिनावर फेकायला लागले, तेव्हा हवेत एक अपूर्णांक उमटला. खाली 20, वर 1. मग 2, मग 3. वरचा आकडा 14 वर येऊन थांबला, कारण माझ्याकडे होतेच 14. सगळ्यांनी इंजिनाला चहूबाजूंनी धरलेलं, सगळे जोर लावतायत, आणि इंजिन ढिम्म.

खालचा आकडा म्हणजे इंजिनाचं वजन, हे माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळच लागला. किलोत मोजलेलं वजन नव्हे, पिकमिनांत मोजलेलं. 20 जण असतील तर हे हलेल. 19 असतील तर नाही.

'पिकमिन' हा खेळ निंटेंडोनं 2001 साली आपल्या गेमक्यूब या खेळयंत्रासाठी काढला. माझ्या हातात तो आला 2023 मध्ये, त्यांच्याच स्विच या नव्या यंत्रावर. म्हणजे सगळं जग खेळून मोकळं झाल्यावर. गोष्ट साधी आहे. होकोटेट ग्रहावरचा ऑलिमार नावाचा एक नोकरदार माणूस सुट्टीत आपल्या एस. एस. डॉल्फिन या यानातून फिरायला निघतो. उल्का आदळते, यान एका अनोळखी ग्रहावर कोसळतं आणि त्याचे 30 भाग रानोमाळ विखुरतात. तिथल्या हवेत ऑक्सिजन आहे, आणि ऑक्सिजन ऑलिमारसाठी विष. अंगावरच्या पोशाखाची यंत्रणा 30 दिवस पुरेल. तेवढ्यात भाग जमवायचे आणि घर गाठायचं.

ऑलिमार उंचीला जेमतेम दोन सेंटिमीटर. त्याला स्वतःला एकही भाग उचलता येत नाही. उचलतात ते पिकमिन: पाय फुटलेली रोपंच जणू, डोक्यावर एक देठ आणि देठाच्या टोकाला पान. जमिनीतून उपटली की ती ऑलिमारच्या मागे चालू लागतात. थोडा वेळ मातीत राहू दिली तर पानाची कळी होते, कळीचं फूल होतं, आणि फूलवाले पानवाल्यांपेक्षा चपळ असतात. निंटेंडोचे खेळ रचणारे शिगेरू मियामोतो यांना ही कल्पना बागेत सुचली, मुंग्यांना पानं ओढून नेताना पाहून, असं त्यांनीच सांगितलेलं आहे. ते वाचायच्या आधीच मला मुंग्या आठवल्या होत्या. मेलेला नाकतोडा नेणारी मुंग्यांची रांग तासभर बघत बसलेल्या कुणालाही आठवतील.

तर 14 चे 20 करायला मी परत गेले. फुलझाडांवरच्या आकडेवाल्या गोळ्या पाडायच्या, पिकमिननी त्या आपल्या घरट्याशी न्यायच्या, घरट्यानं बिया उडवायच्या, बिया रुजायच्या, मी उपटायच्या. घरट्याचं नाव 'अनियन', दिसायलाही तसंच, गोल आणि वर तुरा असलेलं. पहिल्या दिवशी खेळ घड्याळ लावत नाही, सूर्य मावळत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आपली जिवाच्या आकांतानं उपटत सुटले. सहा आणखी मिळाले. परत येऊन फेकले. 18, 19, 20. इंजिन हललं. एवढुसं वर उचललं गेलं, थोडं डगमगलं आणि निघालं.

तिथे मी कंट्रोलर मांडीवर ठेवला. करायला काही उरलंच नव्हतं. वाट त्यांना माहीत होती. 20 जणांचे छोटे पाय, म्हणजे 40, आणि त्यांच्यावर त्यांच्या कितीतरी पट मोठं लोखंड, बेताबेतानं मोडक्या यानाकडे चाललेलं. मी बाजूबाजूनं चालत राहिले.

*

यानाचे सुटे भाग गोळा करायला लावणारा हा काही एकटाच खेळ नाही. 1991 च्या 'टोजॅम अँड अर्ल'मध्ये दोन परग्रहवासी पृथ्वीवर कोसळतात आणि 25 मजल्यांवरून त्यांच्या रॉकेटचे 10 तुकडे वेचत फिरतात. कडेवरून पाय घसरला की खालच्या मजल्यावर, की पुन्हा चढा. आणि 'ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह'मधले भाग तर कुणाला सांगायला नकोत. तिथे फ्रँकलिन या नायकाला वाळवंटात ओमेगा नावाचा एक चक्रम भेटतो, परग्रहवासीयांवर त्याचा ठाम विश्वास, आणि तो फ्रँकलिनला यानाचे भाग शोधायच्या कामाला जुंपतो. भाग 50. छपरांवर, डोंगरांत, पाण्याच्या तळाशी. जवळ गेलं की चमकतात आणि एक चमत्कारिक घूं घूं ऐकू येते.

ते 50 मी गोळा केलेत. पहिले दहा-बारा खरोखर शोधून. एका रात्री नुसत्या त्या घूं घूंच्या मागावर कड्याच्या टोकापर्यंत गेले होते आणि अंधारात तो चमकणारा तुकडा दिसल्यावर अंगावर काटा आला होता, हे खोटं कशाला सांगू. पण पुढचे सगळे मी शेजारी नकाशा उघडून, एकेकावर खूण करत उरकले. गाडी थांबवायची, उतरायचं, त्यावरून चालत जायचं, कोपऱ्यात आकडा वाढतो. 37. 38. पन्नासाव्यानंतर ओमेगाकडे परत जायचं आणि बक्षीस म्हणून मिळते स्पेस डॉकर नावाची गाडी, यानाचे अवशेष चिकटवलेली एक डून बग्गी. मी ती दोनदा चालवली असेल.

त्या खेळाला मी नावं ठेवत नाहीये. त्याचं शहर एवढं प्रचंड आहे, की फिरायला काहीतरी निमित्त लागतंच, आणि ते 50 तुकडे म्हणजे ते निमित्त. फक्त एवढंच, की तिथे भागाला वजन नाही. समुद्राच्या तळाशी सापडलेला यानाचा तुकडा फ्रँकलिन नेमका कुठे ठेवतो? कुठेच नाही. तो आकडा होतो. सापडणं आणि मिळणं यांच्यात एका पावलाचंसुद्धा अंतर नाही.

पिकमिनमध्ये सगळा खेळच त्या अंतरात आहे.

*

भाग कुठे आहेत हे कळणं तिथे फारसं अवघड नसतं. तीसातला एक भाग खुद्द रडारच आहे. 'व्हिम्झिकल रडार', म्हणजे लहरी रडार. तो आणला की बाकीचे भाग नकाशावर दिसायलाच लागतात. मला तो मिळाला त्या संध्याकाळी मी विजयी मुद्रेनं बसले होते. आता काय, ठिपके तर दिसतायत. बाजारात तुरी म्हणतात ना, त्यातली गत.

कारण ठिपका सांगतो 'कुठे'. 'कसं' ते सांगत नाही. मधे पाणी आहे. पाण्यात फक्त निळे पिकमिन जगतात. मधे आगीच्या झोतांची वाट आहे. त्यातून फक्त लाल जातात. भाग उंचावर आहे. तिथे पिवळेच पोचतात, कारण फेकल्यावर ते बाकीच्यांपेक्षा उंच जातात. दगडी भिंत आहे. ती बॉम्बनं फुटते आणि बॉम्ब उचलतात तेही पिवळेच. एक ओढा, त्यावर पूल नाही. पूल बांधायला माणसं लावा. वाटेत एक बल्बॉर्ब झोपलाय, लाल पाठीवर पांढरे ठिपके, मिटलेले डोळे, जबडा एवढा मोठा. रिकाम्या हातानं त्याच्या बाजूनं निघून जाता येतं. ओझं घेऊन 20 जण त्याच्या नाकासमोरून जाणार म्हटल्यावर त्याला आधी मारावं लागतं. आणि त्याला मारायचा म्हणजे किती जणांनिशी, हा पुढचा हिशोब.

दिवस सुमारे 13 मिनिटांचा. पडद्यावर वरच्या बाजूला सूर्याचं चिन्ह डावीकडून उजवीकडे सरकत असतं. दिवस थोडा आणि सोंगं फार. मैदानात एका वेळी जास्तीत जास्त 100 पिकमिन आणता येतात, त्यामुळे खेळ मुरलेले लोक 30 एका भागाला लावतात, 20 भिंतीला, 15 पुलाला आणि स्वतः उरलेल्यांना घेऊन लढायला जातात. एकही मिनिट कुणी रिकामं नाही. मालिकेच्या चौथ्या खेळात तर या कौशल्याला 'दांदोरी' हा जपानी शब्दच वापरलाय: कामं आधी नीट लावून घेऊन ती एकाच वेळी चालू ठेवणं.

माझ्यात ती दांदोरी नाही. माझा नऊ वर्षांचा भाचा शेजारी बसून खेळ बघायचा, आणि त्याला माझा हा एक दोष मुळीच खपायचा नाही.

"मावशी, तू त्यांच्याबरोबर का चालतेयस?"

"बघतेय, नीट नेतायत का."

"अगं नेतील ते! आपोआप जातात. तू तिकडे जाऊन दुसरं काहीतरी कर ना."

त्याचं बरोबर होतं. माझ्या सोबत असण्यानं त्यांचा वेग वाढत नव्हता, वजन कमी होत नव्हतं. वाटेत काही आडवं आलं तर मी शिट्टी मारून त्यांना मागे बोलावू शकते, एवढाच काय तो उपयोग; आणि शिट्टी मारली की ते ओझं तिथल्या तिथे टाकतात. म्हणजे वाहणाऱ्यांच्या शेजारी चालणाऱ्या माणसाकडे करण्यासारखी एकच गोष्ट असते: थांबवणं. तरी मी चालत राहायचे. उंटावरून शेळ्या हाकायची लाज वाटायची म्हणा हवं तर.

*

डिस्टंट स्प्रिंग ही त्या ग्रहावरची सगळ्यात पाणथळ जागा. तिथे यानाचे 10 तुकडे आहेत, एकट्या त्या ठिकाणी. त्यातला एक म्हणजे आंतरतारकीय रेडिओ. तो सापडला, वाट मोकळी झाली, हवे तेवढे वाहणारे लागले, आणि तेव्हा माझं सूर्याकडे लक्ष गेलं. चिन्ह उजव्या टोकाला टेकत आलं होतं.

दिवस मावळताना जे पिकमिन ऑलिमारच्या ताफ्यात नसतील किंवा अनियनजवळ नसतील, ते मागे राहतात. रात्री त्या ग्रहावर जमिनीवर ऑलिमार किंवा पिकमिन राहू शकत नाहीत. ऑलिमार यानात बसून वर जातो, अनियनही वर जातात, आणि खाली राहतात ते राहतात.

शेवटचे 10 सेकंद पडद्यावर मोठ्या अक्षरांत मोजले जातात. रेडिओ वळणापलीकडे होता. मी यानापाशी, आणि तो हलतडुलत येताना दिसत होता. हातातोंडाशी आलेला घास. आठ. सात. शिट्टी मारली असती तर त्यांनी रेडिओ टाकून धाव घेतली असती, निम्मे तरी पोचले असते. मी मारली नाही. मला वाटलं, पोचतील. खरं सांगायचं तर मला तसं वाटलंही नव्हतं. मला रेडिओ हवा होता.

पुढे खेळ स्वतःच दाखवतो. संध्याकाळचा तांबूस उजेड, अनियन वर उचललेलं, आणि त्याच्याखाली धावत येणारे छोटे छोटे जीव. मागून बल्बॉर्ब. 22 जण होते. पिकमिन मेला की त्याच्या रंगाचं एक फिकट भूत वर तरंगतं आणि एक बारीक आवाज येतो, सुस्काऱ्यासारखा. रात्रीचं यान वर जाताना मला तो आवाज आला, की मी मनातच ऐकला, कोण जाणे.

भाचा काही बोलला नाही. मग म्हणाला, "परत खेळ ना तो दिवस."

खेळता येतो. दिवस संपल्यावर खेळ सेव्ह करता येतो, आणि ते सेव्ह न करता आदल्या दिवसावरून पुन्हा सुरू केलं की 22 जण जसेच्या तसे जिवंत. बरेच जण असंच खेळतात, त्यात काही गैर नाही. मीही एरवी केलं असतं. त्या दिवशी का कोण जाणे, सेव्ह केलं. दिवसाखेरीस पिकमिनची मोजदाद पडद्यावर येते, ती नीट बघितली आणि पुढे गेले. आणला रेडिओ दुसऱ्या दिवशी. यानाखाली नेऊन टेकवला की एक झोत येतो, भाग वर ओढून घेतला जातो, ऑलिमार आनंदानं उड्या मारतो. त्याच्या उड्या त्या दिवशी मला जरा जास्तच वाटल्या.

या खेळाबद्दल मला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट हीच आहे, की इथे कुणी काही शिकवायला येत नाही. पिकमिन गेले म्हणून शिक्षा नाही, गुण कापले जात नाहीत. 22 गेले तर 22 बिया पुन्हा लावा, तासाभरात भरपाई. व्यवहारानं बघितलं तर रेडिओच्या मानानं ते स्वस्तच. खेळ फक्त भूत दाखवतो आणि आवाज ऐकवतो. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

*

ऑलिमार रोज रात्री दैनंदिनी लिहितो. मिळालेल्या भागाबद्दल काही ना काही, मधेच बायको-मुलांची आठवण. या भागांची नावं मोठी गमतीची आहेत. मेन इंजिन, गंभीर, ठीक. चालकाची खुर्ची, हवीच. गायगर काउंटर, अॅनालॉग कॉम्प्युटर, समजू शकतो. पण मसाज मशीन? एक 'सीक्रेट सेफ', म्हणजे गुप्त तिजोरी? मोडक्या यानाचे भाग म्हणून आपण जे जीव पणाला लावून आणतोय त्यात हेही आहे, हे कळल्यावर मी मोठ्यांदा हसले. 30 पैकी 25 भाग उडण्यासाठी अत्यावश्यक. उरलेल्या पाचांवाचून यान उडतं. मसाज मशीनवाचून कुणाचं अडत नाही.

पण ते आणताना त्याचंही वजन लागतंच. वाहणाऱ्यांना काय ठाऊक, आपण इंजिन नेतोय की चैनीची वस्तू. त्यांचा एक ठेका असतो, त्यात ते चालतात, इंजिनाखालीही आणि मसाज मशीनखालीही.

पहिल्या खेपेला मी 30 व्या दिवशी 23 भागांवर होते. रेडिओच्या भानगडीनंतर मी फार जपून खेळायला लागले होते, सूर्य निम्म्यावर आला की सगळ्यांना बोलावून घ्यायचे, आणि दिवस हातचे निसटत गेले. तळहातावरच्या फोडासारखं जपलं पिकमिनना, आणि ऑलिमारचा श्वास संपला. असे दोन आवश्यक भाग कमी असताना खेळ काय करतो, हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं, 'पुन्हा प्रयत्न करा' अशी पाटी येईल.

तसं होत नाही. ऑलिमार अर्धवट यान घेऊन उडायला बघतो. यान थोडं वर जातं आणि कोसळतं. ऑलिमार निपचित पडतो. मग पिकमिन येतात. त्याला उचलतात, जसं इतके दिवस बाकीचं सगळं उचलत आले, आणि अनियनकडे घेऊन जातात. अनियन त्याला आत ओढून घेतं, एक बी बाहेर पडतं, रुजतं. आणि जमिनीतून वर येतो तो ऑलिमारचं तोंड असलेला पिकमिन. डोक्यावर देठ.

मी बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. त्याच्यावर हवेत अपूर्णांक आला असता तर खाली आकडा किती असता, असा एक खुळा प्रश्न डोक्यात घोळत होता. दोन सेंटिमीटरचा माणूस. एक? दोन?

भाच्याला तो शेवट भयंकर आवडला. "म्हणजे तो मेला नाही," तो म्हणाला. "तो आता त्यांच्यातला झाला." त्याच्या मते हाच खरा चांगला शेवट होता आणि मी उगाच तोंड पाडून बसले होते.

*

दुसरी खेप आम्ही दोघांनी मिळून खेळली, आलटून पालटून. लढाई त्याच्याकडे, कामं लावणं त्याच्याकडे, उपटणं आणि मोजणं माझ्याकडे. त्याची दांदोरी उपजत आहे. दोन दिवसांत तीन भाग, असा त्याचा झपाटा. पिकमिन मरायचे, तो 'गेले चार' म्हणायचा आणि पुढे जायचा. मला सुरुवातीला ते लागायचं. नंतर लक्षात आलं, की तो आकडा दर वेळी म्हणतो. न चुकता. गेले चार. गेले दोन. एक गेला.

पोझिट्रॉन जनरेटर आणायला आम्ही इम्पॅक्ट साइटवर परत गेलो, जिथे पहिल्या दिवशी यान पडलं होतं. पहिल्या दिवशी मी पळापळ केली तीच ही जागा, आणि एवढीशी आहे. तेव्हा केवढी वाटली होती. दोन भाग होते तिथे. दुसरा होता हे तेव्हा कळलंच नव्हतं.

25 झाले, यान उडण्याजोगं झालं. 29 झाले. आणि 29 झाल्यावर मगच शेवटची जागा उघडते, 'द फायनल ट्रायल'. म्हणजे यान उडायला लागणारं सगळं केव्हाच हाती आलंय, दिवसही शिल्लक आहेत, आणि खेळातली सगळ्यात अवघड लढाई आता सुरू होणार. ती कशासाठी, तर तिसाव्या भागासाठी. आणि तिसावा भाग म्हणजे ती गुप्त तिजोरी.

"न आणता जाता येईल?" मी विचारलं.

"येईल. पण सगळे आणले नाहीत तर खरा शेवट दिसत नाही."

"तिजोरीत काय असतं?"

"माहीत नाही." त्याला त्यात रस नव्हता.

तिजोरी गिळून बसलेला प्राणी म्हणजे एम्परर बुलब्लॅक्स. जमिनीत रुतून बसतो, दगडासारखी पाठ, आणि जीभ एवढी लांब की एका फटक्यात दहा-पंधरा जण आत. त्याला बॉम्ब खायला घालायचे असतात. पिवळ्यांना बॉम्ब घेऊन जिभेच्या टप्प्यात ठेवायचं, बॉम्ब गिळला की तो काही क्षण सुन्न होतो, तेवढ्यात सगळ्यांनी तुटून पडायचं. सांगायला सोपं. पहिल्या प्रयत्नात बॉम्बबरोबर तो ठेवणारेही गेले. भाच्याचे ओठ हलत होते, पण आकडा ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो. त्या लढाईचं वर्णन मला नीट करता येणार नाही, कारण निम्मा वेळ माझे डोळे मिटलेले होते. कधीतरी एक प्रचंड आवाज झाला आणि तो कोसळला. तिजोरी बाहेर घरंगळली.

आता वाहायचं. त्यानं उरलेल्या सगळ्यांना तिजोरीवर फेकलं, कसलाही हिशोब न करता, लाल, पिवळे, निळे, जो हाताला येईल तो. वरचा आकडा वाढत खालच्या आकड्याच्या पुढे गेला. तिजोरी उचलली गेली, डगमगली, आणि निघाली. सूर्याला अजून बराच अवकाश होता. वाटेत मारायचं कुणी शिल्लक नव्हतं, दुसरा भागही शिल्लक नव्हता, हा शेवटचाच.

मी त्याच्याकडे पाहिलं. कंट्रोलर त्याच्या हातात होता. ऑलिमारला तो आधीच यानापाशी नेऊन उभा करेल, असं मला वाटलं होतं. तो नेहमी तसंच करायचा. पण ऑलिमार तिजोरीच्या शेजारून चालत होता. ती मंद झाली की मंद, वळली की वळत.

"ते येतील ना आपोआप," मी म्हणाले.

"बघतोय," तो म्हणाला, पडद्यावरची नजर न काढता. आणि त्या ओझ्याखालचे पाय मोजायला लागला.